ग्रँड कॅन्यनमधला धोतरा आणि नदीत पडलेले ठिपके

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो: ताई फिनिक्सला राहतात, मे महिन्यात ग्रँड कॅन्यनला ब्राइट एंजल ट्रेलनं खाली उतरल्या, वाटेत हुबेहूब आपल्या धोतऱ्यासारखं फूल दिसलं, घरी येऊन त्यांनी एसईआयनेट या ऑनलाइन डेटाबेसवरून त्या झाडाच्या सगळ्या हर्बेरियम (वाळवलेल्या झाडांचे संग्रह) नोंदी डाउनलोड केल्या आणि नकाशावर टाकल्या. आता काही ठिपके कोलोरॅडो नदीच्या मधोमध पडलेत, तीन नॉर्थ रिमवर, म्हणजे दरीच्या उत्तरेकडच्या काठावर, ८००० फुटांच्या वर, नावं चार प्रकारची, आणि २००० नंतरचे ठिपके कमी दिसतात म्हणून त्या विचारतायत की झाड कमी होत चाललंय का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: या ठिपक्यांवरून तसं म्हणता येत नाही. ठिपका झाडाचा नसतो हो, ठिपका माणसाचा असतो. कोणीतरी तिथं गेलं, वाकलं, झाड उपटलं, कागदात दाबलं आणि लेबल लिहिलं, तेव्हा तो ठिपका झाला. मी सतरा वर्षं या धंद्यात आहे, आधी पुण्यात शीटवर, म्हणजे कागदावर, वाळलेली झाडं चिकटवण्यापासून सुरुवात, मग ॲरिझोनात जुनी लेबलं वाचून त्यांना अक्षांश-रेखांश देण्याचं काम, त्यामुळे एक्सेलची ओळ दिसली की मी आधी शीटचा फोटो उघडतो, तुम्हीही तेच करा.

आधी झाड नक्की कोणतं ते बघू. तुम्हाला दिसला तो बहुतेक डाटुरा रायटीआय, तिकडे सेक्रेड डाटुरा म्हणतात. रेगेल नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८५९ मध्ये हे नाव दिलं, चार्ल्स राइट या टेक्सासपासून पश्चिमेकडे फिरलेल्या कलेक्टरच्या नावावरून. (आणि डाटुरा हा शब्द मात्र आपल्याकडचा, संस्कृत धत्तूर, लिनियसनं तो उचलला, त्यामुळे ॲरिझोनाच्या वाळवंटातलं हे झाड आपल्या महादेवाच्या पिंडीवरचं नाव घेऊन फिरतंय, मला याची दर वेळी मजा वाटते.) आपल्याकडे दख्खनच्या रस्त्यांच्या कडेला, उकिरड्यावर जो लव असलेल्या पानांचा पांढरा धोतरा दिसतो तो बऱ्याचदा डाटुरा इनॉक्सिया असतो, आणि तो या रायटीआयचा इतका जवळचा नातेवाईक की शंभर वर्षं लोक त्यांची नावं एकमेकांत मिसळत आलेत. तुमच्या चार नावांची भानगड इथून सुरू होते.

जुन्या लेबलांवर तुम्हाला डाटुरा मेटेलॉइडिस दिसेल. हे १८५२ सालचं नाव, आणि अमेरिकेत साऱ्यांनी ते या कॅन्यनमधल्या झाडाला बिनधास्त वापरलं. पुढे असं दाखवलं गेलं की ज्या मेक्सिकन चित्रावर ते नाव बेतलेलं होतं ते चित्र इनॉक्सियाशी जुळतं, म्हणजे नाव भलत्याच झाडाला चिकटलं होतं. मग १९५९ मध्ये बार्कले या वनस्पतिशास्त्रज्ञांनी आपलं कॅन्यनमधलं झाड इनॉक्सियाचीच एक उपजाती धरलं, नाव क्विन्क्वेकस्पिडा, म्हणजे पाच टोकांचा. आणि आता बहुतेक जण परत रायटीआयला आलेत. म्हणून एकाच शीटवर खाली खाली चिकटवलेल्या तीन-चार चिठ्ठ्या असतात, प्रत्येक चिठ्ठी म्हणजे एका माणसानं ती शीट बघून दिलेलं मत, त्यावर त्याचं नाव आणि साल. डेटाबेसमध्ये सहसा शेवटची चिठ्ठी दिसते, पण कोणी ती चिठ्ठी शीट न बघताच, नुसतं नाव बदललं म्हणून यादीवरून लावली असेल तर? तसं होतं, भरपूर होतं. त्यातून इनॉक्सियाचं स्पेलिंग दोन प्रकारे चालतं, एक एन आणि दोन एन, ते नाव देणाऱ्या मिलरनं १७६८ मध्ये एकच एन लिहिला होता, नंतरच्यांनी लॅटिन सुधारून दोन केले. सर्च करताना दोन्ही टाका, नाहीतर अर्ध्या नोंदी हाती लागत नाहीत.

झाड स्वतः बघून ओळखायचं तर फुलाची कड बघा. रायटीआयच्या कर्ण्याला पाच शेपट्या, इनॉक्सियाला त्या पाचांच्या मध्ये आणखी पाच असल्यासारख्या, म्हणजे दहा टोकं मोजून निघतात. देठावरची लव रायटीआयची आखूड आणि अंगाशी चिकटलेली, इनॉक्सियाची लांब, उभी, बोटाला चिकट लागणारी. फळ दोघांचंही काटेरी आणि खाली मान घातलेलं, पण फळ वर ताठ उभं असेल तर ती स्ट्रॅमोनियम ही तिसरीच जात, प्रश्नच नाही. आणि खालच्या गरम वाळवंटात एक डिस्कलर नावाचा छोटा वर्षायू धोतराही असतो, त्याचा घसा जांभळा.

आता गंमत बघा, ही सगळी लक्षणं वाळलेल्या शीटवर कशी दिसतात? फूल वीतभर, पंधरा ते वीस सेंटिमीटर लांब, पाण्यानं भरलेलं, संध्याकाळी उमलतं आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढलं की मरगळतं, कारण ते रात्री फिरणाऱ्या मोठ्या हॉकमॉथ पतंगांसाठी उमललेलं असतं, आपल्यासाठी नाही. कलेक्टर येणार सकाळी दहा-अकराला, घामाघूम, पाठीवर झाडं दाबायची प्रेस. तोवर फुलाची भिजलेल्या टिश्यू पेपरसारखी गुंडाळी झालेली. ते तसंच वर्तमानपत्रात दाबलं की तपकिरी डाग उरतो, पाच टोकं मोजायची की दहा, देवाला माहीत. मी अशा शीट्सवर भिंग घेऊन पाऊण पाऊण तास घालवलाय आणि शेवटी देठाच्या लवेवरच निर्णय दिलाय. फळ तर इतकं जाड की प्रेसमध्ये आजूबाजूची पानंच नीट दाबली जात नाहीत, म्हणून ते कापून बाजूच्या कागदी पाकिटात ठेवतात आणि फोटोत पाकीट बंदच दिसतं. सांगायचं म्हणजे तुमच्या चार नावांपैकी इनॉक्सिया ज्यावर लिहिलंय त्या नोंदी लगेच वेगळी जात म्हणून बाजूला काढू नका, शीट बघा.

एक सावधगिरी, विषय निघालाच आहे म्हणून. वाळलेला धोतराही विषारीच असतो. सुरुवातीच्या दिवसात मी हात न धुता उजवा डोळा चोळला, संध्याकाळी आरशात बघतो तर एका डोळ्याची बाहुली बशीएवढी आणि दुसरी नॉर्मल, बायको म्हणाली आधी डॉक्टरकडे चला. दुसऱ्या दिवशीपर्यंत जवळचं अक्षर धूसर दिसत होतं. फोटो काढताना झाडाला हात लागला तर धुवून टाका, बाकी काही नाही.

बरं, नदीतले ठिपके.

कॅन्यनमध्ये जागा चुकणं आणि सोलापूरला जागा चुकणं यात फरक आहे. सपाटीवर ठिपका एक किलोमीटर सरकला तर तो एका ज्वारीच्या शेतातून दुसऱ्या ज्वारीच्या शेतात जातो. ग्रँड कॅन्यन जवळजवळ १.६ किलोमीटर खोल आहे, साउथ रिमच्या गावातून सरळ रेषेत नदी पाचेक किलोमीटरवर आणि तेवढ्यात उंची साधारण १३५० मीटरनं उतरते, आणि हा उतार काही एकसारखा नाही, रेडवॉल नावाचा चुनखडीचा कडा एकट्यानं दीडशे मीटर सरळ तुटलेला, आपला कोकणकडा आठवा. तिथं ठिपका जरासा सरकला की पाइनच्या जंगलातलं झाड एकदम मेस्किटच्या (वाळवंटातलं काटेरी झाड) गरम वाळूत. म्हणूनच हरिश्चंद्रगड एवढंच लिहिलेलं लेबल जसं मला त्रास देतं (माथा की पाचनई की खालचं कोकण?), तसंच नुसतं ग्रँड कॅन्यन लिहिलेलं.

आणि जुन्या काळी एवढंच लिहायचे. एलेन पॉवेल थॉम्पसन, म्हणजे १८६९ मध्ये कॅन्यनमधून बोटी नेणाऱ्या जॉन वेस्ली पॉवेलची बहीण, तिनं १८७२ मध्ये युटातल्या कॅनॅबच्या आसपास झाडं गोळा केली, तिच्या नावानं पीटेरिया थॉम्पसोनी आणि एक पेनस्टेमॉनही आहे, पण त्या पिढीच्या लेबलावर जागा म्हणजे दक्षिण युटा, संपलं. आज कोणीतरी त्याला आकडे द्यायला बसतं आणि एक बिंदू टाकतं, सोबत अनसर्टंटी, म्हणजे बिंदू किती चुकीचा असू शकतो ते, ३० किलोमीटर वगैरे लिहितं. तुम्ही नकाशा काढताना तो रकाना वाचला नाही ना? कोणीच वाचत नाही. कोकोनिनो काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखं) एवढंच लिहिलं असेल तर काही ठिकाणी काउंटीच्या मधला बिंदू टाकून देतात, आणि ती काउंटी म्हणजे ४८,००० चौरस किलोमीटर आहे. त्याच एका जागी पाच-सहा नोंदी एकावर एक बसलेल्या दिसल्या की समजायचं, तिथं धोतऱ्याचं बन नाहीये, तिथं काउंटीचा मध्य आहे.

नदीच्या मधोमध पडलेले बरेचसे ठिपके मात्र वेगळ्या कारणानं पडलेले असतात. राफ्टवरून जाणारे कलेक्टर जागा मैलात लिहितात. कॅन्यनच्या वरच्या टोकाचं लीज फेरी म्हणजे मैल शून्य, तिथून प्रवाहाबरोबर खाली मोजत जायचं, लिटल कोलोरॅडोचा संगम साधारण ६१, फँटम रँच साधारण ८८, हवासू क्रीक १५७. मग डेटा भरणारा माणूस काय करतो, नदीच्या मधल्या रेषेवर तो मैल शोधतो आणि तिथं टिचकी मारतो. ठिपका पाण्यात. झाड काठावर वाळूत कुठंतरी होतं, शंभर मीटर इकडे तिकडे. ही चूक म्हणायची की नाही मला माहीत नाही, अनसर्टंटी नीट लिहिली असेल तर ती प्रामाणिक नोंद आहे. हे मैलसुद्धा १९२३ च्या सर्वेक्षणानं मोजले होते आणि नंतर काँप्युटरवर पुन्हा मोजले तेव्हा थोडे सरकले, त्यामुळे कलेक्टरच्या हातात कोणतं गाइड होतं त्यावरही थोडं अवलंबून.

त्याच लेबलावर राइट बँक, लेफ्ट बँक लिहिलेलं असतं. इथं मी स्वतः शेण खाल्लंय. उजवा काठ म्हणजे प्रवाहाकडे तोंड करून उजवीकडचा. मी नवीन होतो, नकाशात उत्तर वर, मी उजवा म्हणजे नकाशातला उजवा धरून चाललो. लीज फेरीपासून मार्बल कॅन्यनमध्ये नदी दक्षिणेकडे वाहते, म्हणजे उजवा काठ हा पश्चिमेचा, आणि मी सव्वाशे लेबलं पूर्वेला टाकून मोकळा. तीन आठवडे कोणाच्या लक्षात आलं नाही. मग एका वयस्कर बाईंनी, त्या कॅन्यनमधून कित्येकदा बोटीनं गेलेल्या, स्क्रीनकडे बघून शांतपणे विचारलं की या झाडांनी नदी कधी ओलांडली? सगळं परत केलं, दोन शनिवार गेले.

आता तुमच्या नॉर्थ रिमच्या तीन नोंदी. डाटुरा रायटीआय ८००० फुटांवर मला पटत नाही, तिथं हिवाळ्यात कमरेएवढा बर्फ असतो. माझा संशय ब्राइट एंजल या नावावर आहे. ब्राइट एंजल ट्रेल साउथ रिमवरून उतरते, ब्राइट एंजल पॉइंट समोर नॉर्थ रिमवर आहे आठ हजार फुटांच्या वर, आणि ब्राइट एंजल क्रीक, म्हणजे ओढा, उत्तरेकडून येऊन खाली अडीच हजार फुटांवर नदीला मिळतो. लेबलावर कोणी नुसतं ब्राइट एंजल लिहिलं असेल तर टिचकी मारणाऱ्याच्या मूडवर आहे बघा. समजा लेबल असं आहे: ब्राइट एंजल, वाळूचा ओढा, फूट २५००, फुलं पांढरी. तर ही जागा क्रीकच्या तोंडाशी, डोळे झाकून. ओढा आणि वाळू हे दोन शब्द एवढं सांगून जातात. तसंच जुन्या लेबलांवर इंडियन गार्डन दिसेल, ते आजच्या नकाशात सापडणार नाही कारण २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये त्याचं नाव हवासुपाय गार्डन्स झालं, तुम्ही ट्रेलवर तिथूनच गेला असाल.

उंचीवरून तपासणी करायची युक्ती चांगली आहे, ठिपक्याच्या जागची उंची काँप्युटरवरून काढायची आणि लेबलावरच्या उंचीशी ताडून बघायची, दीडशे-दोनशे मीटरहून जास्त फरक असला तर लाल खूण. पण यात एक खड्डा आहे ज्यात शिकलेली माणसंही पडतात. कित्येक नोंदींमध्ये उंची लेबलावर नव्हतीच, ती नंतर कोणीतरी त्याच अक्षांश-रेखांशावरून काढून भरलेली असते. मग तुम्ही चुकीच्या ठिपक्याची उंची त्याच चुकीच्या ठिपक्याशी ताडता आणि छान जुळली म्हणून खूश होता. म्हणून मूळ जशी लिहिली तशी उंची, तो वेगळा रकाना असतो, तोच वापरा, आणि तो रिकामा असेल तर उंची नाही असंच धरा. लेबलं फुटात असतात हेही ध्यानात ठेवा, २५०० मीटर समजलात तर झाड परत नॉर्थ रिमवर.

तारखांचं आपल्या लोकांना वेगळं दुखणं. ७/६/३८ म्हणजे ६ जुलै, ७ जून नाही, अमेरिकेत महिना आधी लिहितात. फुलोरा कधी येतो असा आलेख काढणार असाल तर हे आधी बघा, नाहीतर सगळा घोळ. एक्सेल भारतीय सेटिंगवर असेल तर तो काही तारखा स्वतःहून उलटवतो आणि सांगतही नाही.

१९३८ वरून आठवलं, तुम्ही क्लोव्हर आणि जॉटरबद्दल विचारलंय. एल्झाडा क्लोव्हर मिशिगन विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या, लोइस जॉटर तिथंच संशोधन करणारी, दोघी जून १९३८ मध्ये युटातल्या ग्रीन रिव्हर गावातून नॉर्मन नेव्हिल्सच्या लाकडी बोटीत बसल्या आणि सहाशेहून जास्त मैल वाहत १ ऑगस्टला लेक मीडला पोचल्या. बायकांनी ही नदी करू नये असं लोक उघड बोलत होते, आणि या दोघी पहाटे उठून सगळ्यांचा स्वयंपाक करून मग झाडं दाबायच्या. त्यांची यादी १९४४ मध्ये छापली गेली. तिची किंमत ग्रँड कॅन्यनच्या वरच्या बाजूला बांधलेल्या ग्लेन कॅन्यन धरणामुळे वाढली, कारण १९६३ मध्ये धरणाची दारं बंद झाली आणि त्याआधी नदीकाठी काय होतं ते सांगणाऱ्या शीट्स फार थोड्या.

धरणाचा आणखी एक परिणाम लेबलाच्या भाषेवर झालाय जो नवख्याला कळत नाही. हाय वॉटर लाइनच्या वर असं लेबलावर लिहिलेलं असतं. १९६३ आधी दर उन्हाळ्यात सेकंदाला सरासरी ८५,००० घनफुटांचा पूर यायचा, काठ धुऊन काढायचा, त्या पुराची रेघ खूप वर, मेस्किटच्या झाडांपाशी. धरणानंतर पाणी बहुतेक वर्षं त्याच्या निम्म्याहून खाली राहिलं, १९८३ च्या पुरासारखे अपवाद सोडले तर, आणि नवी रेघ खाली आली. शब्द तेच, जागा वेगळी, मधे कितीतरी मीटर उंचीचा फरक. धरणाच्या वरच्या बाजूला तर काही शीट्सच्या जागाच लेक पॉवेलच्या पाण्याखाली गेल्या, नकाशावर ठिपका तलावात पडलेला दिसतो तो कधी कधी अगदी बरोबर असतो! २०२३ च्या सुरुवातीला तलाव इतका उतरला की त्यातल्या काही जागा पुन्हा उघड्या पडल्या.

परत तुमच्या मूळ प्रश्नाकडे, कमी झालंय का. मोजण्याआधी डुप्लिकेट काढा. कलेक्टर एकाच झुडपाच्या चार फांद्या दाबतो, चौघांना एकच नंबर देतो आणि चार हर्बेरियमना पाठवतो, त्या चार ओळी चार बारकोडनी येतात, झुडूप एकच. कलेक्टरचं नाव, नंबर आणि तारीख तिन्ही जुळले की एक धरा. मग त्याच भागातल्या सगळ्या झाडांच्या नोंदी दशकवार काढा आणि धोतऱ्याचा वाटा किती ते बघा, नुसता आकडा नाही. मला वाटतं सगळीच वनस्पती कमी झालेली दिसेल, कारण गोळा करणारे कमी झाले, परमिटं कडक झाली (आणि ती असायलाच हवीत, त्यातली बरीचशी जमीन हुआलपाय, हवासुपाय आणि नाव्हाहो लोकांची आहे), आणि जे राफ्टवर जातात ते प्रेसमध्ये जागा दुर्मिळ गोष्टींसाठी राखतात. धोतरा समोर दिसला तर म्हणतात, हा काय, सगळीकडेच आहे, आणि पुढे जातात. सगळीकडे आहे म्हणूनच त्याची नोंद नाही. आपल्याकडेही तेच, सह्याद्रीतल्या एखाद्या दुर्मिळ कंदीलपुष्पाच्या शीट्स सापडतील पण टाकळ्याची तुमच्या तालुक्यातली शीट शोधून दाखवा.

पुढच्या वेळी जाल तेव्हा तोडू नका, पार्कात पानही तोडायला परमिट लागतं, पण फोटो चार काढा: फूल समोरून, सगळी टोकं मोजता येतील असं, आणि ते सकाळी ऊन यायच्या आत, देठ अगदी जवळून, लव दिसेल असा, फळ कसं लटकतंय ते, आणि झाड कुठं उभंय ते, मागे ओढा का कडा. मोबाइलच्या जीपीएसवर दरीत फार विश्वास ठेवू नका, दोन्हीकडे कडे असले की आकाशाची चिंचोळी पट्टी दिसते आणि बिंदू कधी कधी भलत्याच भिंतीवर जाऊन बसतो, त्यापेक्षा कुठल्या पुलापासून किती पावलं ते वहीत लिहा.

आणि त्या नॉर्थ रिमच्या तीन ओळींचे बारकोड इथंच टाका, शीटचे फोटो असतील तर लेबल वाचून सांगतो. तुम्ही टाकलेल्या स्क्रीनशॉटमध्ये दोन ओळींची तारीख आणि कलेक्टर नंबर एकच दिसतोय, म्हणजे तीनच्या दोन तर आत्ताच झाल्या.